गटावर निरोपाचा मेसेज आला तर: गोव्यातल्या ॲडमिनना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या वाड्यांचे, देवस्थानांचे, भजनी आणि नाट्य मंडळांचे, पालकांचे, जुन्या वर्गमित्रांचे व्हॉट्सॲप गट आणि गावोगावची फेसबुक-इन्स्टाग्रामची पाने सांभाळणारे सर्व ॲडमिन

सप्रेम नमस्कार.

रात्री सव्वाबारा वाजता दोनशे माणसांच्या गटावर एक ओळ येते. ‘सगळ्यांनी मला माफ करा. आईला सांभाळा.’ खाली पहिले उत्तर येते ते जोडलेल्या हातांचे. मग ‘काय झालं रे?’ मग ‘कोणाकडे घरचा नंबर आहे का?’ मग तीन नंबर येतात, त्यातला एक कधीचाच बंद पडलेला. कोणीतरी लिहितो, ‘असले विचार मनात आणू नकोस, आयुष्य सुंदर आहे.’ दहा मिनिटांत चाळीस मेसेज होतात, आणि ज्याने ती ओळ लिहिली त्याला अजून एकही फोन गेलेला नसतो. प्रत्येकाला वाटते, एवढी माणसे जागी आहेत, कोणीतरी फोन केलाच असेल.

हे पत्र त्या दहा मिनिटांसाठी आहे. तुमच्याकडे आमची मागणी एकच: असा मेसेज आला की गटावरचे बोलणे थांबावे, त्या माणसाशी बोलणे सुरू व्हावे, आणि कोणी काय करायचे हे आजच, शांत डोक्याने ठरलेले असावे.

प्रत्येक गटात तीन माणसे नावानिशी ठरवा: एक बोलणारा, एक फोन करणारा, एक जाणारा. ॲडमिन म्हणून तुम्ही गट सांभाळायचा. ही कामे एकाच माणसाने करू नयेत, कारण ती एकाच वेळी करायची असतात. जो त्या माणसाशी बोलतो आहे त्याला फोन ठेवून ११२ लावता येत नाही, आणि जो गाडी चालवतो आहे त्याला मेसेज वाचता येत नाहीत. तिघांपैकी एक जण तरी रात्री फोन सायलेंटवर न ठेवणारा हवा. कोणी नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला, तर त्याच्या जागी लगेच दुसरा ठरवा.

आधी ओळखण्याबद्दल. आपण मराठीत मरणाची भाषा उठता-बसता वापरतो. ‘या उकाड्याने मेलो’, ‘जीव नकोसा केलाय या पोराने’. अशा प्रत्येक वाक्यावर धावायचे नसते. धावायचे ते बदल दिसला की. एरवी फक्त क्रिकेटचे स्कोअर टाकणारा माणूस अचानक माफी मागतो. ‘मी सगळ्यांना ओझे झालोय’ असे लिहितो. ‘माझी दुचाकी धाकट्याला द्या’ अशी वाटणी करतो, किंवा कुत्र्याला कोण खायला घालील असे विचारतो. मध्यरात्री एकेका गटातून बाहेर पडतो, डीपी काढून टाकतो, जुने फोटो पुसतो. आठवडाभर तळमळणारा माणूस काही कारण नसताना एकदम शांत, जवळजवळ आनंदी दिसू लागला, तर ती शांतताही तपासायला हवी; कधीकधी ती मनाशी काहीतरी ठरवून टाकल्याची असते.

आपल्याकडे हे सगळे शुद्ध मराठीत येईलच असे नाही. अर्धे कोंकणीत येते, तेही बऱ्याचदा रोमी अक्षरांत: ‘म्हाका पुरो जालां’ (मला पुरे झाले), ‘हांव सगळ्यांक जड जालां’ (मी सगळ्यांना ओझे झालोय). फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचे यंत्र ही ओळ पकडील या भरवशावर राहू नका. ती तुम्ही पकडाल, कारण हा माणूस एरवी असे लिहीत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. नुकतीच नोकरी गेली असेल, लग्न मोडले असेल, निकाल लागला असेल, कर्जाचे ॲप किंवा ऑनलाइन जुगार गळ्याशी आला असेल, खासगी फोटो पसरवण्याची धमकी कोणी देत असेल, किंवा पूर्वी एकदा त्याने स्वतःला इजा करून घेतली असेल, तर साधी वाटणारी ओळही साधी समजू नका.

‘लक्ष वेधून घ्यायला करतो’ हे वाक्य अशा वेळी हमखास येते. त्यावर आमचे उत्तर असे: लक्ष हवे आहे, तर लक्ष द्या. चुकीच्या काळजीने फार तर एक अवघडलेली संध्याकाळ जाते. आणि याआधी दोनदा असे लिहून काही केले नाही म्हणून तिसऱ्यांदा सोडून देणे, ही आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटणारी चूक आहे.

आता क्रम. मेसेज दिसताक्षणी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा. पाठवणारा तो पुसू शकतो, आणि स्टेटस किंवा स्टोरी असेल तर चोवीस तासांत आपोआप नाहीशी होते. हा स्क्रीनशॉट बोलणाऱ्याकडे आणि फोन करणाऱ्याकडे जाईल, आणखी कोणाकडेही नाही. दुसऱ्या गटावर ‘ह्याला कोण ओळखतो?’ म्हणून तो टाकला, तर सकाळी सगळ्या तालुक्याच्या फोनवर त्या माणसाचा सर्वांत वाईट क्षण असतो, आणि त्याला परत यायला वाट उरत नाही.

बोलणाऱ्याने लगेच फोन करायचा. टाइप करत बसायचे नाही, आवाज हवा. उचलला नाही तर एकच ओळ पाठवायची: ‘तुझा मेसेज वाचला. मी जागा आहे. पाच मिनिटांनी परत फोन करतो.’ आणि पाच मिनिटांनी खरोखर करायचा. पाठवलेल्या ओळीखालच्या खुणांवर नजर ठेवा. निळ्या झाल्या तर तो वाचतो आहे, म्हणजे धागा तुटलेला नाही. एकच खूण राहिली तर फोन बंद असेल किंवा नेटवर्क नसेल. सत्तरीत, सांग्यात, काणकोणच्या आतल्या गावांत ती नेटवर्कची अडचण असू शकते, पण या शंकेचा फायदा घेऊन थांबू नका. एकच खूण दिसली की जाणाऱ्याने निघायचे.

फोन उचलला की विचारायचे ते सरळ विचारा. ‘तुझा मेसेज वाचला, मला तुझी काळजी वाटली. तुझ्या मनात जीव संपवायचे विचार येतायत का?’ घरात कोंकणी बोलणारा असेल तर ‘तुज्या मनांत जीव दिवपाचे विचार येतात?’ वडीलधारे असतील तर ‘काका, खरं सांगा, जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात येतंय का?’ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरतो ही भीती अनेकांना वाटते. ती खरी नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना हायसे वाटते की शेवटी कोणीतरी त्या शब्दाला हात घातला.

प्रश्न विचारला की गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. ही शांतता तुम्हाला जड जाईल, त्याला नाही. तो म्हणाला ‘नाही रे, मस्करी केली’, तर ‘बरं वाटलं, पण मी विचारलं ते चुकलं असं मला वाटत नाही. आज नक्की झालं काय?’ असे म्हणून बोलणे चालू ठेवा.

‘होय’ म्हणाला, तर आणखी तीन गोष्टी समजून घ्यायच्या: कसे करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी लागणारे काही हाताशी आहे का, आणि आज-आत्ताचा विचार आहे का. तपशील उकरून काढायचा नाही, फक्त होय की नाही एवढेच. तिन्हींचे उत्तर होय असेल, किंवा तो प्यायलेला असेल, किंवा उत्तरच देत नसेल, तर ही तातडीची वेळ आहे. बोलणाऱ्याने फोन ठेवायचा नाही, आणि दुसऱ्या फोनवरून एका शब्दाचा मेसेज फोन करणाऱ्याला पाठवायचा. हा शब्द आधी ठरवून ठेवा. ‘निघा’ पुरेसा आहे. तिन्हींचे उत्तर नाही असेल, तरी त्या रात्री त्याच्यासोबत कोण राहील हे ठरल्याशिवाय फोन ठेवू नका.

बोलणाऱ्यासाठी काही बारीक गोष्टी. त्याला सांगा, ‘तुझा फोन चार्जिंगला लाव’. मध्येच बॅटरी गेली तर तुम्हाला काही कळणार नाही. न विचारता कॉन्फरन्सवर आईला किंवा बायकोला जोडू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मागितले तर देऊ नका. ‘गावभर करणार नाही, पण तुला वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगीन’ हे खरे आहे, तेच बोला. ‘घरच्यांचा विचार कर’, ‘हे पाप आहे’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत’ ही वाक्ये टाळा. घरच्यांचा विचार त्याने केलेला असतो, आणि आपण त्यांना ओझे झालो आहोत इथवर तो त्याच विचाराने पोचलेला असतो. त्याचा प्रश्न आज रात्री सोडवायचा नाही. कर्ज, लग्न, निकाल सगळे तिथेच राहणार आहे. ‘उद्या सकाळी मी तुझ्याकडे येतो, तोवर आपण बोलत राहू’ एवढेच साधायचे. असा टोकाचा जोर पुष्कळदा काही तासांत ओसरतो, म्हणून ते काही तास महत्त्वाचे.

फोन करणाऱ्याने ११२ लावायचा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी हा एकच क्रमांक आहे. त्या माणसाने स्वतःला काही केले आहे किंवा काही घेतले आहे असे कळले तर थेट १०८. पत्ता सांगण्यातच आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ जातो. देऊळवाडा, मधलावाडा ही नावे कितीतरी गावांत आहेत. ‘देऊळवाड्यावर, बाबूचे घर’ हे वाड्यावरच्या माणसाला पुरते, फोनवरच्या माणसाला नाही. म्हणून या क्रमाने सांगा: तालुका, गाव, वाडा, घर क्रमांक माहीत असेल तर तो, मग जवळची खूण, म्हणजे देऊळ, चॅपेल, खुरीस (क्रूस), शाळा किंवा गाडी वळते तो तिठा. गावात ज्याला सगळे बाबू म्हणतात त्याचे कागदावरचे नाव सांगा, त्याचा मोबाइल नंबर द्या. तो शेवटचा कधी बोलला, काय म्हणाला, हाताशी काही आहे असे म्हणाला का, घरात आणखी कोण आहे, अंगणात कुत्रा मोकळा असतो का, हेही सांगा. मग रस्त्याच्या तोंडाशी एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. रात्री वाड्यात शिरताना रुग्णवाहिका चुकते, ती हमखास याच शेवटच्या वळणावर.

जाणाऱ्याने एकट्याने जायचे नाही, आणि पंधरा जणांनीही जायचे नाही. दोघे पुरे. त्यातला एक तरी त्याच्या मर्जीतला असावा. ज्याच्याशी भांडण झाले आहे त्याला नेऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. कोणाला नेलेले चालेल हे बोलणाऱ्याकडून विचारून घ्या. हॉर्न, दारावर धडका, शेजाऱ्यांना हाका, यातले काही नको. आत गेलात की जवळ बसा. घरातली औषधे, शेतीची औषधे आणि त्याने स्वतः उल्लेख केलेली वस्तू त्याला सांगून, त्याच्या संमतीने, दुसऱ्या घरी ठेवा. चहा द्या, दारू देऊ नका. आणि तो प्यायलेला असेल तर उतरेपर्यंत एक क्षणही एकटा सोडू नका, बाथरूमलाही दाराला आतून कडी नको. काही घेतले असेल तर मिठाचे पाणी पाजणे, ओकारी काढणे असले घरगुती उपाय करू नका, त्याने इजा वाढते. पाकीट किंवा बाटली बरोबर घ्या, डॉक्टरांना ती पाहावी लागते. आणि ‘आता बरा दिसतोय’ म्हणून इस्पितळ टाळू नका, कारण काही पदार्थांचा परिणाम उशिरा दिसतो.

शरीराला इजा असेल तर जवळच्या जिल्हा इस्पितळात, म्हापशाला किंवा मडगावला, नाहीतर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कॅज्युअल्टीत. शरीराला इजा नसेल, पण एकटे सोडण्यासारखी स्थिती नसेल, तर बांबोळीलाच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, लोक जिला आयपीएचबी म्हणतात. तिथे जायला अजूनही पावले अडखळतात. ‘तिथे गेला म्हणजे वेडा’ हे बोल ज्या गटावर कोणी लिहील, तिथे ॲडमिनने ते पुसावे आणि लिहिणाऱ्याशी वेगळे बोलावे, कारण उद्या ज्याला जायचे आहे तोही ते वाचतो आहे.

दुसरी अडचण पोलिसांच्या भीतीची. ‘११२ लावला तर त्याच्यावरच केस होईल’ म्हणून माणसे थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ११५ म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंड संहितेतले ३०९ हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली येतो. इस्पितळ पोलिसांना कळवते आणि जबाब घेतला जातो, तो नोंदीचा भाग आहे. त्या भीतीने फोन थांबवू नका.

आता ॲडमिनने स्वतः करायचे काम. गटावर एकच मेसेज टाका: ‘मेसेज वाचला आहे. आपण थेट संपर्कात आहोत. कृपया इथे कोणी काही लिहू नये, फोनवर एकाच वेळी सगळ्यांनी गर्दी करू नये.’ मग सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनना लिहिता येईल असे करा. त्या माणसाला गटातून काढू नका. ‘बाकीच्यांना त्रास नको’ म्हणून काहीजण घाईने काढून टाकतात. ज्याला आधीच वाटते आहे की आपण कोणाला नको आहोत, त्याच्यापर्यंत तेवढेच पोचते. तो सुरक्षित आहे हे कळल्यावर मूळ मेसेज ‘सर्वांसाठी पुसा’, ॲडमिनला ते करता येते. शेवटी गटावर एवढेच सांगा: ‘सगळे ठीक आहे, काळजी घेतली जात आहे.’ कुठे नेले, काय झाले, कशामुळे, हे सांगायचे नाही.

लक्षात घ्या, व्हॉट्सॲपवर ‘रिपोर्ट’ केल्याने कोणी मदतीला धावत नाही. मेसेज कूटबद्ध असतात, म्हणजे एरवी कंपनीला ते वाचता येत नाहीत. रिपोर्ट केल्यावर कंपनीकडे त्या संभाषणातले शेवटचे पाच मेसेज जातात, ते नियम मोडले का हे पाहण्यासाठी. तिथे मदत म्हणजे गटातली माणसेच. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मात्र रिपोर्ट जरूर करा: पोस्टवरच्या तीन ठिपक्यांत ‘रिपोर्ट’, त्यात आत्महत्या किंवा स्वतःला इजा हा पर्याय. कोणी रिपोर्ट केला हे त्या व्यक्तीला कळत नाही. पण रिपोर्ट केला म्हणजे आपले काम संपले असे नाही. तो ११२ च्या जोडीला करायचा. थेट प्रक्षेपण चालू असेल तर फक्त बघत राहू नका, त्याचा दुवा कोणाला पाठवू नका, रिपोर्ट करा, आणि त्याच्या ओळखीच्या एकानेच खाली ‘मी फोन करतोय, उचल’ असे लिहावे. अनोळखी माणसाची पोस्ट असेल तर वापरनाव, दुवा आणि स्क्रीनशॉट घेऊन ११२ ला सांगा, आणि सामाईक मित्रांपैकी एखाद्याला खासगीत विचारा.

खासगी फोटोंवरून धमकी किंवा पैशांची फसवणूक हे कारण असेल, तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका. ‘यात तुझी चूक नाही, आणि यातून बाहेर पडता येतं’ हे अशा पोरांना लगेच ऐकायला मिळाले पाहिजे. लाजेपोटी ती घरी तोंड उघडत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे.

आपल्या गटांत एक गोष्ट वेगळी असते: निम्मा वाडा तारवावर, म्हणजे जहाजावरच्या नोकरीत, नाहीतर आखातात, नाहीतर इंग्लंडात. त्याचा उपयोग होतो. गोव्यात पहाटेचे तीन वाजलेले असताना स्विंडनमधला मित्र अजून झोपलेला नसतो, तो बोलणारा होऊ शकतो. पण इंग्लंडातून ११२ लावला तर तो गोव्यातल्या नियंत्रण कक्षाला लागत नाही. त्याने गोव्यातल्या फोन करणाऱ्याला उठवायचे. उलटही तसेच. धोक्यात असलेला माणूस इंग्लंडात असेल तर तिथल्याच कोणीतरी ९९९ लावला पाहिजे, आणि फक्त मन मोकळे करायचे असेल तर तिथे समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. जहाजावर असेल तर भरती करणाऱ्या एजन्सीला फोन करा, त्यांच्याकडून कप्तानापर्यंत निरोप जातो. म्हणून गटातल्या प्रत्येक तारवटीच्या (खलाशाच्या) एजन्सीचा नंबर घरच्यांकडून घेऊन ठेवा.

रात्र सरली की गट सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विसरतो. खरी चूक तिथेच होते. इस्पितळातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमके तेव्हाच फोन येणे बंद होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने पन्नासेक वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट करून पाहिली. इस्पितळातून सुटलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्याने दोन भाग केले. एका भागातल्या लोकांना ठरावीक काळाने चार ओळींचे पत्र जाई: तुम्ही इथे होता त्याला काही दिवस झाले, कसे आहात, कळवावेसे वाटले तर कळवा. ना सल्ला, ना उत्तराची सक्ती. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांत आत्महत्येने झालेले मृत्यू कमी होते. तुम्हाला तर टपालाचीही गरज नाही. बोलणाऱ्याने पहिल्या आठवड्यात रोज, मग महिनाभर आठवड्यातून दोनदा, पुढे वर्षभर महिन्यातून एकदा दोन ओळी पाठवाव्यात. ‘आज मासळीला गेलो होतो, तुझी आठवण आली. उत्तर द्यायची घाई नाही.’ तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर चतुर्थीच्या धांदलीत राहून जाईल. आणि त्याला पुन्हा आरतीला, तालमीला, सामन्याला बोलवा, पहिल्यासारखेच.

आणि तरीही कधी एखादा माणूस जातो. तेव्हा गटावर लिहायचे ते नाव, निधन झाल्याचे, अंत्यविधीची वेळ. कसे, कुठे, चिठ्ठीत काय, यातले काही नाही. फोटो नाही, जागेचे नाव नाही, ‘अमक्या कारणाने’ नाही. कारण एकच कधी नसते, आणि तसे लिहिले की त्याच अडचणीत असलेल्या दुसऱ्याला तीच वाट दिसते. व्हिएन्नात १९८७ साली भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या छापणे वर्तमानपत्रांनी थांबवले, आणि तिथल्या अशा घटना लक्षणीय घटल्या. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वर्तमानपत्रांसाठी याच धर्तीची तत्त्वे स्वीकारली. गावच्या बातम्यांचे पान चालवणाऱ्यांनी ‘आम्ही काही वर्तमानपत्र नाही’ असे म्हणू नये. तुमचे वाचक त्या माणसाच्या शेजारी राहतात. शिवाय उपचार घेत असलेल्या मनोरुग्णाचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास २०१७ च्या त्याच कायद्याचे कलम २४ मनाई करते.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुसऱ्यांच्या मुलांचे गुण गटावर मागू नका, टाकू नका. अभिनंदनाची रांग दुसऱ्या दिवशी लावली तर कोणाचे काही अडत नाही.

अशा रात्रीनंतर बोलणाऱ्याची स्वतःची झोप उडते, हात थरथरतात, ‘मी ते वाक्य का बोललो’ हे डोक्यात फिरत राहते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य, दिवसरात्र. मराठीतही बोलता येते. फक्त त्रासात असलेल्यानेच नव्हे, त्याची काळजी वाटणाऱ्यानेही फोन करावा आणि ‘मी काय करू?’ असे विचारावे. आपल्याकडे म्हापशाची कूज ही संस्था आत्महत्या प्रतिबंधाचे काम करते, आणि संगात ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते आहे. कोणताही क्रमांक गटावर टाकण्याआधी स्वतः एकदा लावून पाहा. वर्षानुवर्षे फिरणाऱ्या याद्यांतले बंद पडलेले नंबर हा रात्री दोन वाजता मिळणारा आणखी एक धक्का असतो.

खालचा मजकूर गटाच्या माहितीत आजच घाला, आणि मोकळ्या जागांत तीन माणसांची नावे, त्यांना विचारून:

‘मन फार जड झाले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर कोणत्याही वेळी यांना फोन करा: ______, ______, ______. कोणी रागावणार नाही, गावभर होणार नाही. टेली-मानस: १४४१६ किंवा १८०० ८९१ ४४१६. तातडीची मदत: ११२. रुग्णवाहिका: १०८. गटात कोणाचा काळजी वाटणारा मेसेज दिसला तर खाली काही लिहू नका, वरच्या तिघांपैकी एकाला लगेच फोन करा. एकाने उचलला नाही तर दुसऱ्याला.’

आपले,
गोव्यात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक, परिचारिका आणि स्वयंसेवक